खांदेरीचा दिवा

पहिला दिवस, वद्य दशमी

“काका, दीपगृह दिवसा बघायचं असतं की रात्री?”

गेटवेहून सुटलेली लाँच मांडव्याच्या वाटेवर होती, तेव्हा अकरा वर्षांच्या पुतणीने हा प्रश्न टाकला. खांदेरी म्हणजे अलिबागजवळच्या थळसमोरचं किल्ल्याचं बेट, तिथे रात्रीचा मुक्काम करू देत नाहीत. होडी सकाळी नेते आणि दिवसाउजेडी परत आणते. तेवढं मी तिला सांगितलं. तिने जरा विचार केला. “म्हणजे आपण तीन दिवस घालवून विझलेला दिवा बघायला चाललोय.” तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, समुद्राकडे तोंड करून हसत राहिला. बेत माझा होता, त्यामुळे उत्तरही मलाच शोधायचं होतं.

लाँचवरची निम्मी मंडळी सीगलना वेफर्स भरवण्यात गुंग होती. उजव्या हाताला मुंबईतल्या कुलाब्याच्या टोकापलीकडे प्राँग्जचं दीपगृह उभं होतं, १८७५ सालचं. मी ते बोटाने दाखवलं, पण वेफर्सपुढे त्याचा निभाव लागला नाही.

अलिबागला पोचेस्तोवर साडेबारा झाले. खोलीवर पिशव्या टाकून तडक किनारा गाठला, कारण अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर सुकतीची, म्हणजे पूर्ण ओहोटीची, वेळ साधावी लागते. किनाऱ्यावरच्या माणसांचा यासाठी एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, म्हणजे त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेदोनच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. पुतणीला हे फारच आवडलं. “उद्या एकादशी, सव्वाआठ. परवा द्वादशी, नऊ.” मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक उघडून तिच्या बापाने ताळा केला. पाच-दहा मिनिटांचा फरक निघाला, पण तेवढा चालतो.

कुलाबा किल्ल्यावर मी इथे फारसं लिहीत नाही, त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. पोटरीभर पाण्यातून गेलो, सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं, इंग्लंडातल्या लो मूर कारखान्याच्या तोफा त्यांच्या चाकांच्या गाड्यांवर बघितल्या आणि पाणी चढायच्या आत परतलो. तटावरून वायव्येला दोन ठिपके दिसत होते. जवळचा बुटका ठिपका उंदेरी. लांबचा, पाठीवर दोन उंचवटे असलेला, तो खांदेरी. त्यातल्या मोठ्या उंचवट्यावर पांढरी काडी रोवल्यासारखं काहीतरी होतं.

अंधार पडल्यावर पुन्हा वाळूत येऊन बसलो. वद्य पक्ष असल्याने चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार होता, आकाश काळं आणि स्वच्छ होतं. सात वाजता मी म्हटलं, तो बघा. दुपारी काडी दिसली होती तिथून उजेडाची एक सुरी आमच्या अंगावरून फिरून गेली. ती गेल्यावर समुद्र पहिल्यापेक्षा जास्त काळा वाटला.

प्रत्येक दीपगृहाची स्वतःची लय असते. किती लकाकी, मध्ये किती थांबा, हे ठरलेलं असतं आणि नौकानयनाच्या नकाशावर छापलेलं असतं. खलाशी लय मोजतो आणि आपण कुठल्या दिव्यासमोर आहोत ते ओळखतो. दिवा म्हणजे रात्रीचा नावाचा फलक, असं मी पुतणीला सांगितलं आणि आम्ही तिघे मोजायला बसलो. तिघांचे आकडे तीन. भावाने मध्येच एका मासेमारी बोटीचा दिवा धरला होता. मी मोबाइलवर मोजत होतो. पुतणी बोटांवर मोजत होती आणि दर वेळी “आला!” असं ओरडताना तिचा आकडा निसटत होता. अर्धा तास भांडून आम्ही जेवायला गेलो.

दुसरा दिवस, एकादशी

थळच्या किनाऱ्यावर साडेसातला पोचलो, तर होडी होती, नाखवा होता, पण वारा नको तितका होता. उत्तरेचा वारा पहाटेपासून सुटला होता आणि पाण्यावर पांढऱ्या शेंड्या उठल्या होत्या. नाखव्याने आमच्याकडे न बघताच मान हलवली.

“आज नाय, दादा. जाऊ आपन, पन तुमाला उतरता नाय येनार.”

खांदेरीला जाणं कठीण नसतं, होडी धक्क्याला लावणं कठीण असतं, हे तेव्हा कळलं. उद्या नऊच्या भरतीला निघायचं ठरलं आणि आमच्या हाती एक रिकामा दिवस आला. खरं तर तो तितका रिकामा नव्हता. दोन्ही बेटं इथून समोर दिसतात. कालचे ठिपके आता तटाबुरुजांसकट उभे होते. आम्ही पालथ्या घातलेल्या एका होडीच्या सावलीत बसलो आणि याच वाऱ्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी काय झालं असेल ते समोरच्या पाण्यावर मांडून बघितलं.

मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या जहाजावर नजर ठेवायची, तर खांदेरीसारखी जागा नाही. शिवाजी महाराजांनी हे १६७२ साली हेरलं आणि बेटावर काम काढलं, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. काम थांबलं. सात वर्षांनी, १६७९च्या पावसाळ्याच्या अखेरीला, महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडेकशे माणसं घेऊन पुन्हा बेटावर उतरला आणि तट उभा राहायला लागला. मुंबईकर इंग्रजांनी आधी निरोप धाडले, मग जहाजं.

इथे वाऱ्याची गोष्ट येते. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या, पण शिडांना वारा हवा आणि तळाला खोल पाणी हवं. मराठ्यांच्या होड्या लहान. वारा पडला तर वल्ही मारायच्या, उथळ पाण्यातून घसरून जायच्या. इंग्रज बेटाभोवती पहारा देत होते आणि रात्री थळ-नागावच्या बाजूने होड्या दाणागोटा, दगड, माणसं पोचवत होत्या. सप्टेंबरात फ्रान्सिस थॉर्प नावाचा इंग्रज लेफ्टनंट बेटाशी झालेल्या चकमकीत मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याकडून इंग्रजांवर चालून गेलं. ‘डोव्हर’ नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती लागलं, बरीचशी इंग्रज जहाजं पळाली. मिंचिन आणि केग्विन या इंग्रज अधिकाऱ्यांचं ‘रिव्हेंज’ तेवढं टिकून लढलं आणि त्याच्या तोफांनी दौलतखानाला मागे हटावं लागलं. लढाई कोणी जिंकली यावर वाद घालता येईल. खांदेरी कोणाकडे राहिली यावर मात्र नाही. जानेवारी १६८०त इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतलं. सिद्दीने त्याच महिन्यात शेजारची उंदेरी बळकावून तिच्यावर तट चढवला, आणि ही दोन बेटं एकमेकांकडे तोफा रोखून बसली. इंग्रजांच्या कागदांत ही जोडी केनरी-हेनरी अशा नावाने येते. ऐकायला दोन जुळे भाऊ वाटतात.

“मग दिवा कोणी लावला?” पुतणीने विचारलं. इंग्रजांनी. १८१८नंतर बेट त्यांच्याकडे आलं आणि १८६७ साली त्यांनी त्यावर दीपगृह बांधलं. मुंबईचं बंदर तेव्हा कापसाच्या व्यापाराने फुगलं होतं, आणखी दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला होणार होता. ज्या बेटावरून आपली जहाजं कोणी टिपू नयेत म्हणून ते झगडले होते, तिथेच १८८ वर्षांनी त्यांनी जहाजांना वाट दाखवायला दिवा ठेवला. मला यात गंमत वाटते ती इतकीच, की दोन्ही वेळी कारण एकच होतं. तिथून सगळं दिसतं, आणि ते सगळीकडून दिसतं.

नाखवा जाळं विणत आमचं ऐकत होता. कालचं आमचं मोजणीचं भांडण पुतणीने त्यालाही सांगितलं. तो हसला.

“उजेर मोजता काय? उजेर नको मोजू, पोरी. कालोख मोज.”

उजेड पटकन सरकतो, कधी धुरकट हवेत लांबतो, कधी लाटेआड अर्धा जातो. दोन उजेडांमधला काळोख मात्र पक्का असतो, तो मोजायचा, असं त्याचं म्हणणं. हल्ली होडीवर जीपीएस असतं, तरी रात्री खाडीकडे वळताना त्याची मान आधी दिव्याकडे जाते, मग यंत्राकडे. दिवा कुठल्या खांद्यावर आहे त्यावरून तो आपली जागा ताडतो. “यंत्राची बॅटरी संपते,” तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

दुपारी अलिबागेत कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपाशी गेलो. १६९८पासून या किनाऱ्याचा कारभार त्यांच्याकडे. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून मोठं आरमार घेऊन खांदेरीवर आला आणि हात हलवत परत गेला. कान्होजी १७२९ साली वारले. आज सरकारदरबारी खांदेरीच्या बेटाला आणि दीपगृहाला त्यांचंच नाव आहे. थळचे लोक मात्र खांदेरीच म्हणतात.

तिसरा दिवस, द्वादशी

वारा पडला होता. साडेआठला होडी सुटली. नाखवा, त्याचा मुलगा, आम्ही तिघे आणि बेटावर कामाला निघालेले दोन गवंडी. उंदेरी डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूने बघा, तिचा तट पाण्यातूनच उगवल्यासारखा दिसतो. तिला मागे टाकल्यावर लाटा जरा लांब आणि जड झाल्या. भाऊ गप्प झाला, त्याचा रंग बघून नाखव्याच्या मुलाने त्याला मागे बसवलं आणि क्षितिजाकडे बघायला सांगितलं. पाऊण तासाच्या आत खांदेरी आली.

“साडेअकराला धक्क्यावर या,” नाखव्याने बजावलं. “पानी उतरला का थलला होरी लागत नाय. मग सांजच्या पान्यावर.” पुतणीने मनातल्या मनात गणित केलं आणि मान डोलावली. आमच्याकडे दोन तास होते.

बेट उत्तर-दक्षिण लांबट आहे, दोन्ही टोकांना टेकड्या आणि मध्ये खोलगट भाग. धक्का त्या खोलगट भागाशी आहे. उतरताना आधी नजर गेली ती तटाच्या बाहेर, पाण्यात मुद्दाम पसरलेल्या दगडांवर. ओहोटीला उघडे पडतात तेव्हा त्यांच्यावर कालवं चिकटलेली दिसतात, कडा सुरीसारख्या. होडीतून उडी टाकून तटाकडे धावणाऱ्या माणसाचे पाय इथेच फाटणार. पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो, कालवांना नाही. तटाचे दगडही चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेले आहेत. लाट आपटते, फटींतून आत शिरते, जोर जिरवून परत जाते. घट्ट बांधलेली भिंत तिच्याशी भांडली असती आणि कधीच हरली असती. १६७९ साली वरून तोफा चालत असताना, अपुऱ्या माणसांनी हे काम केलं हे लक्षात घेऊन तटाकडे पाहिलं तर तो वेगळा दिसतो.

धक्क्याजवळच वेताळाचं देऊळ आहे. मूर्ती नाही, एक भली मोठी शिळा. गवंड्यांनी कामाला लागण्याआधी तिथे डोकं टेकवलं, नाखव्याच्या मुलानेही. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांचा हा राखणदार. ही शिळा वर्षावर्षाला वाढते असं तो मुलगा अगदी सहज, हवामान सांगावं तसं सांगून गेला. बेटावर पिराचा दर्गाही आहे. इथे ज्याला ज्याला लाटेची भीती वाटली त्याने आपापला देव आणून ठेवला असावा.

पुढे तटावर लोखंडी चाकांच्या गाड्यांवर तोफा उभ्या आहेत. तोफा किल्ल्यांवर पुष्कळ दिसतात, पण बहुतेक मातीत लोळत पडलेल्या. गाड्यासकट तोफ क्वचित राहते. खारा वारा इतकी वर्षं खातो आहे, तरी चाकं शाबूत. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. त्याचा फायदा काय होईल ते दिसेलच. मला भीती एकच वाटते, की या तोफांना कोणीतरी चकचकीत काळा रंग फासेल.

मग तो दगड. खांदेरीला येणारा प्रत्येक जण त्याचं नाव काढतो. दिसायला इतर खडकांसारखाच, पण खड्याने ठोकला की भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज येतो. पुतणीने पहिल्यांदा जपून ठोकला. टण्ण. मग शेजारच्या दगडावर ठोकला. ठप्प. पुन्हा त्याच्यावर. टण्ण. वीस मिनिटं इथे गेली. मी घड्याळ दाखवलं तेव्हा ती नाइलाजाने उठली.

दीपगृह मोठ्या टेकडीवर आहे, वर जायला पायऱ्या. दगडी, अष्टकोनी मनोरा. खाली कर्मचाऱ्यांच्या खोल्या, वर काचांची खोली. पायथ्याशी पोचलो आणि कळलं की आज वर सोडत नाहीत. सांगणारा माणूस सभ्य होता, त्याने पाणी दिलं, सावलीत बसायला जागा दिली, पण नाही म्हणजे नाही. मी चिडलो, हे कबूल करतो. तीन दिवस, एक फुकट गेलेली सकाळ, भावाची ओकारी, आणि शेवटी मनोऱ्याच्या सावलीत बसून मान वर करून बघायचं. काचांवर ऊन पडलं होतं, आत काही दिसत नव्हतं.

मग तिथेच बसून पुतणीला सांगितलं, की दिवा दिसायला हवा होता तो काही फार मोठा नसतोच. मोठं असतं ते भिंग. साधं फुगीर, जाड भिंग बनवायला गेलं तर ते मणामणाचं होईल, म्हणून फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलने ते कापून काचेच्या कड्यांमध्ये मांडलं. प्रत्येक कडं उजेड थोडा वळवतं आणि सगळा उजेड एका पट्ट्यात बाहेर पडतो. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात ते पहिल्यांदा बसलं आणि त्यानंतर जगभर गेलं. उजेड लुकलुकतो असं आपल्याला वाटतं, पण तसल्या दीपगृहात दिवा सतत जळत असतो, भिंग फिरत असतं. कित्येक टनांचं भिंग बोटाने ढकलता यावं म्हणून ते पाऱ्यावर तरंगत ठेवायचे. वीज येण्याआधी ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं, मनोऱ्याच्या पोकळीतून वजन खाली उतरायचं, आणि दिवेवाल्याने रात्रभर ठरावीक वेळाने उठून किल्ली द्यायची. दिवसा भिंगावर पडदे ओढायचे, नाहीतर तेच भिंग सूर्याचा उजेड उलटा आत गोळा करून आग लावेल.

“म्हणजे दिवसा दिव्यालाच उजेडाची भीती,” ती म्हणाली.

उंची कशाला, हेही तिने विचारलं. वाळूत नव्हे, मुरमात काडीने हिशोब केला. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, साडेतीनने गुणायचं, तेवढे किलोमीटर क्षितिज लांब. टेकडी आणि मनोरा मिळून ४९ मीटर धरले तर साती साडेतीन साडेचोवीस. जहाजाच्या डेकवरचा माणूस पाण्यापासून ९ मीटर वर असेल तर त्याचे साडेदहा. पस्तीस किलोमीटरवरून त्याला हा दिवा क्षितिजावर उगवताना दिसेल. आम्ही पस्तीस पावलांवर बसलो होतो आणि आम्हाला तो दिसत नव्हता.

भावाने हाक मारली. अकरा वीस. पायऱ्या उतरताना उत्तरेला, धुरकट रेघेसारखी मुंबई दिसली, आणि बंदराच्या तोंडाशी रांगेत थांबलेली जहाजं. एक, दोन, पाच, मग मोजायचं सोडलं.

परतताना भाऊ क्षितिजाकडे बघत बसला आणि ठणठणीत राहिला. पाणी इतकं उतरलं होतं की थळजवळ होडीचा तळ एकदा वाळूला घासला. नाखवा काही बोलला नाही, फक्त माझ्या घड्याळाकडे बघितलं.

संध्याकाळी खोलीवर न जाता थळच्याच किनाऱ्यावर थांबलो. सूर्य खांदेरीच्या डाव्या बाजूला बुडाला. किनाऱ्यावर माशांच्या टोपल्या उचलल्या गेल्या, बायका घरी गेल्या, कुत्री राहिली. मनोरा आधी राखाडी झाला, मग नाहीसा झाला. आणि मग, जिथे काहीच नव्हतं तिथून, उजेड आला. सकाळी ज्या पायऱ्यांवर बसलो होतो त्यांच्या वरून तो निघाला होता आणि आमच्या डोक्यांवरून मागे माडांच्या शेंड्यांवर जाऊन आला.

पुतणी डोळे मिटून बसली होती. “काळोख मोजतेय,” ती म्हणाली. पापण्यांवर उजेड आला की थांबायची, गेला की सुरू करायची. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तोच आकडा. भावानेही मोजलं, त्याचाही तोच. माझा मोबाइलवरचा आकडा दर वेळी वेगळा.

“काका, तुमचा अंगठा उशिरा पडतोय,” ती म्हणाली. तिने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि वाळूत पालथा ठेवला. स्क्रीनचा उजेड गेला तशी समोर उंदेरीची काळी कड दिसायला लागली, तिच्यामागे खांदेरीची.

“आता मोजा.”